बोलून झालेल्या गोष्टी रात्री मनात पुन्हा पुन्हा येतात. हे थांबवावे कसे?

प्रश्न : गणिताच्या_बाई, नागपूर

नमस्कार. मी प्रतापनगर भागात राहते आणि एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घरी पती, सासूबाई आणि दोन मुले आहेत. नोकरी, घर, प्रकृती यांपैकी कशाचीही मोठी तक्रार नाही आणि नेमके म्हणूनच हा त्रास कोणापुढे मांडावा हे मला कळत नव्हते.

दिवसभरात कोणाशी तरी झालेले अगदी साधे बोलणे रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मनात पुन्हा सुरू होते. अलीकडचेच उदाहरण सांगते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आमच्याकडे पाहुण्यांची पंगत बसायची होती. धाकटी जाऊ सकाळपासून ओट्याशी उभी होती. मी तिला म्हटले, "तू बस आता, राहिलेलं मी बघते." तिने हातातली पळी ओट्यावर ठेवली, "बरं" म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. एवढेच घडले. त्या रात्रीपासून मात्र माझ्या मनात तो "बरं" वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो. तिला वाटले असेल का, की मी तिच्या हातातले काम काढून घेतले? पाहुण्यांसमोर तिला कमीपणा आला असेल का? त्यानंतर ती माझ्याशी कमी बोलते आहे, की हा माझाच भास आहे? शाळेत पालकसभेनंतरही माझे असेच होते. एखादे वडील मान हलवून निघून गेले की ती मान कशी हलली याचाच विचार मी करत बसते.

मी विचार थांबवण्याचा प्रयत्न करते तेव्हा तो अधिकच जोराने येतो. पती म्हणतात, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं", आणि तेवढ्यापुरते बरेही वाटते, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा तेच विचारते. माझा प्रश्न असा आहे की हा केवळ स्वभाव आहे की यावर काही करता येते? आणि इतका विचार करूनही मला एकदाही उत्तर का सापडत नाही? आकडेमोडीत तरी असे होत नाही. तिथे जितका वेळ द्यावा तितके उत्तर जवळ येते.

उत्तर : निवृत्त_प्राध्यापक, धरमपेठ

बाई, तुमचा शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मी बरीच वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले आणि या विषयावर विद्यार्थ्यांशी जितके बोललो तितके क्वचितच दुसऱ्या कशावर बोललो असेन.

गणितात उत्तर सापडते, कारण लागणारी सगळी माहिती उदाहरणातच दिलेली असते. तुमच्या जाऊबाईंच्या मनात त्या क्षणी काय होते ही माहिती तुमच्या डोक्यात नाही, ती त्यांच्याकडे आहे. त्यामुळे रात्री दोन वाजेपर्यंत विचार केला तरी नवे काहीच हाती लागत नाही. असलेल्या तीन-चार तुकड्यांचीच फिरवाफिरव होते. मनाला मात्र आपण काहीतरी महत्त्वाचे काम करतो आहोत असे वाटत राहते, आणि म्हणून ते काम सोडायला तयार होत नाही. ही फसगत एकदा नीट लक्षात आली की पुढचा मार्ग बराच सोपा होतो, असे माझे मत आहे.

आता थांबवण्याच्या प्रयत्नाविषयी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले होते, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही अशी अट होती आणि तरीही तो आलाच तर घंटी वाजवायची होती. घंटी वाजतच राहिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली : नंतर जेव्हा त्याच व्यक्तींना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून ज्यांना मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. वेग्नर यांनी पुढे याचे स्पष्टीकरण असे दिले की नको असलेला विचार दूर ठेवायचा तर तो आला आहे का हे मनाला सतत तपासावे लागते आणि त्या तपासणीनेच तो जागा राहतो. तेव्हा "विसरून जा" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो पाळणे माणसाच्या हातात नसते. तुम्हाला तो जमला नाही यात तुमच्या मनाची दुर्बलता शोधू नका.

आणखी एक गोष्ट. "बरं" वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो असे तुम्ही लिहिले आहे, ते निरीक्षण फार अचूक आहे. आठवण ही ध्वनिफितीसारखी जशीच्या तशी साठवलेली नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते की माणसे वाचलेली कथा पुन्हा सांगताना तिची नव्याने रचना करतात, काही गाळतात, काही आपल्या समजुतीप्रमाणे भरतात. रात्री थकलेल्या आणि धास्तावलेल्या मनाने आपण जेव्हा प्रसंग आठवतो, तेव्हा ती धास्तीही त्या आठवणीत मिसळते. दुसऱ्या रात्री आपण मूळ प्रसंगापेक्षा आदल्या रात्रीचीच आवृत्ती आठवत असतो. म्हणून दहाव्या वेळी ऐकू आलेला "बरं" हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक खरा मानण्याचे काहीच कारण नाही. मी तर म्हणेन की तो कमी विश्वासार्ह आहे.

लोकांशी झालेल्या भेटीनंतर मनात चालणाऱ्या या उलटतपासणीचा मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीती, म्हणजे लोकांत वावरताना वाटणारी तीव्र भीती, या विकाराविषयी जी मांडणी केली, तिच्यात या उलटतपासणीला महत्त्वाचे स्थान आहे. त्याचा अर्थ तुम्हाला तो विकार आहे असा मुळीच नाही. थोड्याफार प्रमाणात हे सर्वांच्याच मनात चालते. पण सवय जडली की ती पुढच्या संकटात महागात पडते, हे मात्र सांगायला हवे. सुझन नोलन-होक्सेमा या स्टॅनफर्डमध्ये असताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून मनःस्थितीविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठले तेव्हा आढळले की ज्यांना आधीपासून आपल्या उदासीविषयीच उगाळत बसण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणे अधिक होती आणि काही आठवड्यांनंतरही ती टिकून होती. भूकंप सर्वांच्या वाट्याला आला होता.

दुसऱ्यांच्या नजरेविषयीही थोडे. आपले बोलणे-वागणे इतरांच्या जितके लक्षात राहते असे आपल्याला वाटते, त्याहून ते पुष्कळ कमी राहते. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतील जवळपास निम्म्या जणांना ते चित्र लक्षात आले असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांनाच ते सांगता आले. पंगतीच्या दिवशी तुमच्या घरातले पाहुणे तुमच्या त्या एका वाक्याकडे किती लक्ष देत असतील याचा अंदाज यावरून बांधता येईल.

उत्तर : रात्रपाळी_परिचारिका

सरांनी कारणे इतकी छान उलगडली आहेत की मी फक्त करण्याजोग्या गोष्टी लिहिते. मी नागपुरातच एका रुग्णालयात परिचारिका आहे. पाळी बदलताना आम्ही प्रत्येक रुग्णाची स्थिती आणि राहिलेली कामे नोंदवहीत लिहून पुढच्या पाळीच्या परिचारिकेच्या स्वाधीन करतो. ज्या दिवशी ही नोंद घाईत होते, त्या दिवशी घरी आल्यावर "अमक्याचे सलाइन सांगितले का" हा विचार डोळे मिटू देत नाही. नोंद नीट झाली असेल तर तो येतच नाही. मला वाटते घरच्या गोष्टींनाही अशी एक नोंदवही हवी.

याला थोडा आधारही आहे. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या झोपेच्या प्रयोगशाळेतील अभ्यासात काही तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतील करावयाची कामे लिहायला सांगितली आणि काहींना झालेली कामे. करावयाची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी ती अधिक तपशिलाने लिहिली त्यांना आणखी लवकर. अभ्यास लहान होता, सहभागी अवघे ५७ होते. तरी पाच मिनिटांत आणि एका पेनात होणारा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

मात्र वही गादीवर घेऊन बसू नका. संध्याकाळी स्वयंपाकापूर्वी किंवा मुलांचा अभ्यास चालू असताना, रोज एकाच वेळी आणि एकाच जागी अर्धा तास यासाठी ठेवा. थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये काळजी करण्यासाठी रोजचा असा ठरावीक अर्धा तास ठेवण्याची पद्धत तपासली होती : दिवसा काळजी आली की तिला "संध्याकाळी पाहू" म्हणून पुढे ढकलायचे आणि ती वेळ आली की खरोखरच बसायचे. यात विचाराला नकार नसतो, फक्त वेळ दिलेली असते, आणि मन नकारापेक्षा वेळ सहज स्वीकारते असा माझाही अनुभव आहे.

वहीत काय लिहायचे ते तुमच्याच प्रसंगावर सांगते. आधी फक्त डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले लिहा : "तिने पळी ओट्यावर ठेवली. बरं म्हणाली. बाहेर गेली." पाहा, तीन छोटी वाक्ये झाली आणि प्रसंग संपला. त्याखाली रेघ मारून तुमच्या मनाने काढलेला अर्थ लिहा : "तिला अपमान वाटला." मग आणखी निदान दोन अर्थ लिहा, जे तितकेच शक्य आहेत : तिचे पाय दुखत होते आणि बसायला मिळाले म्हणून ती लगेच गेली, किंवा बाहेर तिचे मूल रडत होते. यातला कुठला खरा हे ठरवायचे नाही. आपण एकाच अर्थाला धरून बसलो होतो एवढे दिसले तरी जीव हलका होतो. शेवटी उद्या करता येईल अशी एकच गोष्ट लिहा, आणि करण्यासारखे काही नसेल तर "काही नाही" असे स्पष्ट लिहा.

झोपेविषयी एक सूचना करते. वीस-एक मिनिटांत झोप आली नाही असे वाटले की अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली काहीतरी साधे, मन न गुंतणारे करा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे पाहू नका. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारांत वापरली जाते. अंथरूण आणि जागरण यांची मनात पडलेली गाठ सोडवणे हा तिचा हेतू आहे. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात बारा वाजून गेले तरी भिंतींतून उष्णता येत असते, कूलरचे पाणी संपलेले असते. अशा रात्री झोपमोड झाली तर तिचे कारण स्वभावात शोधत बसू नका, आधी कूलरमध्ये पाणी भरा.

उत्तर : महालवासी

वरील दोन्ही उत्तरे मी मनापासून वाचली आणि त्यांतील माहितीविषयी माझी तक्रार नाही. तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. सगळा दोष विचार करणाऱ्या मनाचाच आहे, असा सूर अशा चर्चांत नकळत लागतो. आमच्या एकत्र कुटुंबात मी लहानपणापासून पाहत आलो आहे की महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत घरातल्या सुनांच्या प्रत्येक शब्दाचे खरोखरच वजन केले जाते. आंबील कोणी केली, सोळा भाज्या कोणी निवडल्या, कोण बसले आणि कोण उभे राहिले, हे सगळे कोणीतरी पाहत असते आणि पुढच्या लग्नात ते निघतेही. अशा घरात वाढलेल्या बाईला आपल्या वाक्याचा काय अर्थ घेतला गेला याची काळजी वाटणे हा विकृत विचार नाही, तो त्या घराने शिकवलेला सावधपणा आहे. म्हणून लोकांचे लक्ष कमी असते हा निष्कर्ष, जो एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोलीतून आला, तो जावा-जावांच्या नात्याला जसाच्या तसा लावताना थोडे थांबावे असे मला वाटते.

शिवाय ज्या नात्यात खरोखर गाठ पडलेली आहे, तिथे वही लिहून भागत नाही. सरांनी स्वतःच म्हटले आहे की हवी ती माहिती समोरच्या व्यक्तीकडे आहे. मग तिच्याकडेच जायला नको का? माझी सूचना अशी : जाऊबाईंना निवांतपणी, दोघीच असताना, एकदाच आणि साध्या शब्दांत विचारा. "त्या दिवशी तू सकाळपासून उभी होतीस म्हणून तुला बस म्हटलं. तुला वेगळं तर वाटलं नाही ना?" त्यात माफी मागण्यासारखे काही नाही, आणि आपला हेतू मोकळेपणाने कळवणे ही कमीपणाची गोष्टही नाही. उत्तर काहीही आले तरी निदान रात्री ज्यावर तर्क चालतो तो "बरं" तरी खाली ठेवता येईल.

गणिताच्या_बाई

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. महालवासी दादा, आमच्या घराविषयीचे आपले वर्णन खरे आहे, आणि ते कोणीतरी उघडपणे म्हटले याचे मला बरे वाटले. मात्र मला दोन शंका आहेत. जावेला विचारावे असे आपण म्हणता. पण मी पतींनाही रोज विचारतेच आणि त्याने समाधान टिकत नाही. मग या दोन विचारण्यांत फरक काय? आणि हे सगळे करूनही फरक पडला नाही तर कोणाकडे जावे, आणि केव्हा?

उत्तर : निवृत्त_प्राध्यापक, धरमपेठ

महालवासींचा आक्षेप मला मान्य आहे. ज्यांचे आपल्याकडे खरोखर लक्ष असते अशा नात्यांत परक्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष जपूनच वापरायला हवेत, आणि त्यांनी सुचवलेले वाक्यही योग्य आहे.

तुमच्या पहिल्या शंकेतला फरक असा. जाऊबाईंना विचारता तेव्हा तुम्ही ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्याकडे जाता, एकदा विचारता आणि मिळालेले उत्तर स्वीकारता. पतींना विचारता तेव्हा त्यांच्याकडे ती माहिती नसते. ते देतात तो धीर असतो. धीराने धास्ती लगेच उतरते आणि नेमकी ती लगेच उतरते म्हणूनच पुढच्या वेळी धास्ती वाटताच पुन्हा धीर मागावासा वाटतो. अशाने दोघेही थकतात आणि स्वतःच्या मनाने अनिश्चितता सोसण्याची संधी हुकते. पतींना हे समजावून सांगा आणि दोघांनी मिळून आधीच ठरवा की तोच प्रश्न पुन्हा आला तर त्यांनी उत्तर देण्याऐवजी तुमचा हात धरावा आणि "हे संध्याकाळच्या वहीत लिहू" एवढेच म्हणावे. सुरुवातीला अस्वस्थता वाढेल, ती काही वेळाने आपोआप ओसरते हे तुम्हाला स्वतःला अनुभवता येईल. जाऊबाईंच्या बाबतीतही हाच नियम : एकदा विचारून झाल्यावर "तू खरंच सांगितलंस ना" हा दुसरा प्रश्न करू नका.

एक लहानशी गोष्ट आणखी सुचवतो. लिहिताना "मी" ऐवजी स्वतःचे नाव वापरून पाहा, म्हणजे एखाद्या सहकारी शिक्षिकेविषयी लिहावे तसे. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासांत असे आढळले की ताणाच्या प्रसंगी स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना स्वतःकडे थोड्या अंतरावरून पाहता आले आणि नंतरची उलटतपासणीही कमी झाली. विद्यार्थ्यांशी तुम्ही जितक्या समजुतीने बोलत असाल, तेवढी समजूत त्या लेखनात आपसूक येते.

दुसरी शंका. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडते आहे आणि हे तीन महिने चालले आहे, किंवा दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटते, शिकवण्यात किंवा मुलांत रस वाटत नाही, भूक बदलली आहे, अशी स्थिती असेल तर वही पुरेशी नाही, तज्ज्ञांकडे जावे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनाशुल्क चालते आणि मराठीतही बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मनोविकारशास्त्राचा बाह्यरुग्ण विभाग आहे, शिवाय आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. अशा त्रासात बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत, चांगली उपयोगी पडते; तिच्यात रोजच्या नोंदी तपासत शिकायचे असते, तेव्हा जाताना ही वही सोबत घ्या. त्याचबरोबर थायरॉइड आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या, कारण थकवा आणि अस्वस्थता कधी कधी तिथूनही येते.